सात लाटांच्या राणीचा चेहरा

शौकत दब्बूस जन्मभर बायकांची चित्रं रंगवत आला, आणि एकाही बाईकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगते. बेरूतच्या उत्तरेला समुद्रकाठी आमचं गाव, तिथल्या तल्ल चौकातल्या थिएटरात मी तिकीटखिडकीवर बसायची आणि तो वर गच्चीवर सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. राहायलाही आम्ही झाहिरीये मोहल्ल्यात एकाच इमारतीत, मी दुसऱ्या मजल्यावर, तो आणि त्याची बायको इंसाफ तिसऱ्या. जिन्यात भेटला की तो माझ्या चपलांना म्हणायचा, "सलाम, सित्त ओदेत," म्हणजे ओदेतबाई. एकदा मी बहिणीच्या चपला घालून निघाले, तर गृहस्थ शेजारून सरळ निघून गेला. ओळखलंच नाही.

बाकी माणूस गुणी. नमाजी, अबोल, सिगारेट सोडली तर कसलं व्यसन नाही. मशिदीतून बाहेर पडताना म्हातारे त्याला टोमणे मारायचे, "काय अबू बहीज, आज कुणाचे दंड रंगवलेत?" बहीज हा त्याचा एकुलता एक मुलगा, कुवेतला नोकरीला; आमच्या रीतीने सगळं गाव त्याला बहीजचा बाप याच नावाने ओळखायचं. शौकत जमिनीकडे बघून उत्तर द्यायचा, "मी बाई काढत नाही हो, चौकोन भरतो."

ते खरंच होतं. बेरूतहून सिनेमासोबत फोटो यायचे. त्यातल्या एकावर तो पेन्सिलीने चौकोन आखायचा, तसेच मोठे चौकोन पत्र्यांवर, आणि मग एकेक भरत जायचा. गच्ची एवढीशी, एका वेळी एकच पत्रा मावायचा. एका पत्र्यावर डोळा, दुसऱ्यावर हनुवटी, तिसऱ्यावर जे काय असेल ते. सगळे पत्रे दोरांनी चढवून जोडले की तो खाली रस्त्यावर येऊन उभा राहायचा आणि आपलं चित्र पहिल्यांदा अख्खं बघायचा, सगळ्या गावाबरोबर.

रमजान तोंडावर आला की त्याला दुसरं काम असायचं. सरसात खडू आणि रंग कालवून तो बोर्डावरच्या बायकांना कपडे चढवायचा. बाह्या लांब करायच्या, गळे बंद करायचे, पाय झाकायचे. ईद झाली की ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायचं, खालचा तेलाचा रंग जसाच्या तसा. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एका वर्षी त्याने एका नर्तकीला असा सुरेख झगा चढवला की चौकातले शिंपी खाली उभे राहून नमुना उतरवून घेऊन गेले.

तर युद्धाच्या आधीच्या त्या बऱ्या दिवसांत, उन्हाळा सरता सरता, आमच्याकडे तो जिन्नांच्या राणीचा सिनेमा आला. एक गरीब कोळी, त्याच्या जाळ्यात तांब्याचा घडा सापडतो, आणि सात लाटांमधून जिन्नांची राणी त्याच्याकडे येते. दर लाटेला अंगावरची एक ओढणी टाकत येते. पुढचं सांगायची गरज नाही, गर्दी त्यासाठीच होणार होती. पण बेरूतवाल्यांनी सिनेमासोबत फोटो एकच पाठवला, आणि तोही पाठमोरा. ओले केस, उघडी पाठ, समोर समुद्र.

थिएटरचे मालक हिकमत बेक तो फोटो घेऊन गच्चीवर चढले. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

"शौकत, नुसती पाठ बघायला कोण येतंय? पाठ तर माझी बायको मला रोज दाखवते. चेहरा काढ."

"कुणाचा?"

"राणीचा, आणखी कुणाचा!"

"राणी दिसते कशी?"

"मला काय माहीत? जिन्न आहे ती. कुणासारखीही दिसेल."

बेक खाली उतरून गेले आणि शौकत त्या फोटोकडे बघत बसला. फोटोशिवाय त्याने उभ्या जन्मात एक भुवई काढली नव्हती. त्या आठवड्यात तो जेवायलासुद्धा खाली आला नाही. इंसाफ माझ्या हाती डबा द्यायची आणि विचारायची, "काय चाललंय गं वर?" मी सांगायची, "नाक चाललंय." दुसऱ्या दिवशी, "ओठ चाललेत."

बोर्ड चढला तेव्हा मी खिडकी बंद करून रस्त्यावर गेले. शौकतने वर पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"सित्त ओदेत, ही कोण?"

"मला काय विचारता? तुम्हीच काढलीत."

"हो. पण कोण आहे ही?"

ती खांद्यावरून मागे वळून बघत होती. फार सुंदर होती असंही नाही. पण आत्ताच आपलं नाव कुणीतरी घेतलंय आणि आपण वळून पाहिलंय, तशी होती. आणि ओळखीची होती. इतकी ओळखीची, की नाव अगदी जिभेवर यायचं आणि तिथेच अडकायचं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीवर गहजब सुरू झाला. पहिला आला नज्मी भटारी, कोपरापर्यंत पिठात. "शौकतला सांग, माझ्या मेहुणीला खाली उतरव, नाहीतर मी शिडी लावतो." त्याच्या मागे साबणवाले हाज रमजी, गावातले मोठे प्रतिष्ठित. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, ते चित्र... ते आणखी किती दिवस राहील?" त्यांची लेक होम्सला दिलेली होती. वर त्यांना तीच दिसत होती, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. मग काळ्या कपड्यांतली एक सासूबाई आली, वर बोट दाखवून म्हणाली, "मला ठाऊकच होतं ती असली आहे!" आणि अगदी समाधानाने निघून गेली. कुणी रागावलं, कुणी रडलं, अबू समरा वस्तीतली एक बाई तर नवा पोशाख करून बोर्डाखालून तीन फेऱ्या मारून गेली. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा ती जरा माझ्यासारखी वाटली होती. मी लिपस्टिकचा रंग बदलला. दुसरं काही केलं नाही.

आत सिनेमाचा वेगळाच गोंधळ. सेन्सॉरने मधून इतकं कापलं होतं की कोळी होडीत झोपायचा आणि राजवाड्यात उठायचा. तो जागा आहे की स्वप्नात, हे त्यालाही कळत नव्हतं आणि लोकांनाही. राणी म्हणजे कुठल्यातरी परक्या देशातली सोनेरी केसांची नाचणारी, आवाज दुसऱ्याच बाईचा, ओठ एक बोलतात आणि ऐकू भलतंच येतं. सहावी ओढणी गळली की पडदाभर गुलाबी धूर, आणि धूर विरतो तेव्हा कोळी एकटाच जाळं विणत बसलेला. लोक खुर्च्या आपटायचे. "ही कोण आणली? बाहेरची कुठाय? बाहेरची दाखवा!"

आणि त्यातच इंसाफ रुसून माहेरी गेली. मसूर-भाताचं पातेलं चुलीवर झाकून ठेवलं, कपड्यांचं बोचकं बांधलं आणि मीना नावाच्या बंदराच्या वस्तीत, बापाच्या घरी निघून गेली. नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही, मलाही नाही. आमच्याकडे बाई अशी गेली की तिला आणायला चार मोठी माणसं पाठवावी लागतात, आपली आपण परत आली तर तिची किंमत राहत नाही. सगळ्या गल्लीला कारण लगेच कळलं. नवऱ्याने भर चौकात दुसऱ्या बाईला उघडी करून टांगलं, कुठली बायको थांबेल? हमा गावच्या एका मुलीशी शौकतची लग्नाआधी बोलणी झाली होती, तेही कुणीतरी उकरून काढलं.

शौकत खिडकीशी आला. माझ्या चपला टेबलाखाली, म्हणून बिचारा काउंटरच्या लाकडाकडे बघत होता.

"सित्त ओदेत, ती का गेली?"

"तुमच्या त्या राणीपायी, आणखी कशापायी?"

"पण राणी कोण आहे?"

"तेच तर तिला विचारायचं असेल."

"मला माहीत असतं तर मी तिला सांगितलं नसतं का?" तो लाकडालाच विचारत होता. "मी चौकोन भरले. बास. घरात शिरलो की आता पाण्याचा माठ कुठे ठेवलाय तेही सापडत नाही मला." मला त्याची फार दया आली आणि रागही आला. माठ तिथेच होता, दाराशी.

रमजान लागणार म्हणून हिकमत बेकनी बोर्ड झाकायला सांगितलं. शौकतला वाटलं, हीच संधी. त्याने राणीला गळ्यापासून टाचेपर्यंत निळा झगा चढवला, आणि एवढंच कशाला म्हणून नाकातोंडावरून बुरखाही ओढला. आता चेहराच नाही म्हटल्यावर भांडण कसलं, असा त्याचा हिशोब. पण झालं उलटंच. आता नुसते डोळे उरले, आणि नुसते डोळे तर कुणाचेही असू शकतात. ज्यांना आधी कुणी दिसत नव्हतं, त्यांनाही दिसायला लागलं. इफ्तारच्या आधी भटारखान्यापुढे रांग लागायची आणि अर्धी रांग वर बघत असायची. नज्मी तर म्हणाला, आता मला दोन्ही मेहुण्या दिसतात.

शेवटी इंसाफला आणायला माणसं निघाली. हाज रमजी सगळ्यांत पुढे, नज्मी, हिकमत बेक, आणि मागे शौकत, इस्त्रीचा शर्ट घालून. बायकांच्या बाजूने मी. रोजा सोडून झाला होता, मीनाच्या रस्त्यावर दिवे लागत होते. इंसाफचे वडील हाज सब्री, जुने खलाशी, त्यांनी आम्हाला बसवलं. कॉफी आली. वेलदोड्याचा वास खोलीभर पसरला. दिवसभर कॉफीला तरसलेले म्हातारे, आणि समोर वाफाळते पेले. पण मागणं मान्य होईपर्यंत पेल्याला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. हाज रमजींची नजर पेल्यावरून हटत नव्हती.

"हाज सब्री," ते घसा खाकरून म्हणाले, "आम्ही तुमच्या दारात आलोय. आमची सून आमच्या घरी पाठवा."

"आधी तो बोर्ड खरवडून काढा," हाज सब्री म्हणाले.

"तेच तर मी म्हणतोय! खरवडलाच पाहिजे!"

"आजच्या आज!" नज्मी ओरडला.

हिकमत बेक दोघांकडे बघत राहिले. "अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आलात?"

"माझ्या लेकीची अब्रू..." हाज रमजींच्या तोंडून निसटलं.

"तुमच्या लेकीचा काय संबंध? ती माझी मेहुणी आहे!"

"मेहुणी?" हाज सब्री ताडकन उभे राहिले. "मग माझी पोरगी कुणावर रुसून आली आहे?"

सगळे शौकतकडे वळले. तो गालिच्यावरची नक्षी बघत होता. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, मला काहीच माहीत नाही." मग जो आरडाओरडा सुरू झाला, त्यात मी उठून स्वयंपाकघरात गेले.

इंसाफ ओट्याला पाठ टेकून उभी होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं. मला वाटलं रडत असेल, पण ती हसत होती, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

"इंसाफ, बाई, सांगून टाक. कोण दिसली तुला त्या बोर्डावर?"

"कोण दिसली?" ती म्हणाली. "सगळ्या दिसल्या गं. नज्मीची मेहुणी दिसली, साबणवाल्याची लेक दिसली. नाक तर त्या मीठ विकणारीचं आहे, तिचंच. तूसुद्धा आहेस वर, ओदेत. उगाच नाही लिपस्टिक बदललीस."

मी हळूच ओठ पुसले.

"मी घड्याळाच्या मनोऱ्याखालून पाहिलं," ती म्हणाली. "भटाऱ्याच्या दारातून पाहिलं. सकाळच्या उन्हात पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. म्हटलं, भुवई तरी असेल. कान तरी असेल. त्या माणसाला पहिल्यांदा कुणी सांगितलं की तुझ्या मनातली बाई काढ, आणि त्याच्या मनात सगळं गाव निघालं. मी तेवढी नव्हते."

बाहेर कुणीतरी टेबलावर हात आपटला. पेले खणखणले.

"ह्यांना वाटतं मी रुसले, कारण त्याने दुसरी काढली," इंसाफ म्हणाली. "खरवडून काय होणार? ते पुसून मी थोडीच तिथे येणार आहे? त्याला सांग, मला समोर न बसवता माझा चेहरा काढ म्हणावं. कागदावर काढ, डब्यावर काढ. जमला तर येते. ह्या म्हाताऱ्यांना काही सांगू नकोस."

त्या संध्याकाळी सगळे कॉफी न पिता परतले. टॅक्सीत हाज रमजी म्हणाले, "निदान वास तरी कमी यायला हवा होता." कुणी हसलं नाही. मी शौकतला आमच्या जिन्यात सगळं सांगितलं. तो कठड्याला धरून खालच्या पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो पुठ्ठे घेऊन खिडकीशी यायला लागला.

"ही आहे का, सित्त ओदेत?"

"ही मीठवाली."

"आणि ही?"

"ही मी आहे. आणि माझं नाक एवढं मोठं नाही."

रोज एक पुठ्ठा. कधी त्याची आई निघायची, कधी कुठल्या जुन्या सिनेमातली नटी. "हात आठवतात," तो म्हणायचा. "द्राक्षाच्या पानात भात भरताना कसे चालतात, ते डोळे मिटून काढीन. खोकला आठवतो. झग्याची किनार आठवते, मागे एक टाका उसवलाय. चेहऱ्यापाशी आलो की कुणीतरी दुसरीच येऊन बसते." तो खरोखर घाबरला होता. आपल्याला काय झालंय हे विचारायला तो डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. डोळे उत्तम होते.

ईदला नवा सिनेमा लागतो. शौकतने बोर्डावर पांढरा हात मारला. बुरखा पुसला नाही, झगा पुसला नाही, वरूनच रंग फिरवला. खाली बरीच माणसं जमली होती. सगळं झाकून झालं तरी डावा डोळा बराच वेळ राहिला होता, मग तोही गेला. हाज रमजींनी मोठा सुस्कारा सोडला. ती कोण होती ते आजही गावात कुणी ठामपणे सांगू शकत नाही. मी तरी नाहीच.

ईदच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठा. "मी मीनाला चाललोय," तो म्हणाला. "माणसं नकोत. तुम्ही तेवढ्या चला. एकटा गेलो तर मला दार सापडणार नाही."

हाज सब्री कुणाकडे ईदला गेले होते. इंसाफने दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, कॉफी करून आणली. एक पेला माझ्यापुढे, एक त्याच्यापुढे. त्याने पेल्याला हात लावला नाही, पुठ्ठा पुढे केला. तिने कागद सोडवला.

पुठ्ठ्यावर चपला होत्या. तिच्या घरच्या चपला, तपकिरी, डावी टाचेकडे जास्त झिजलेली, उजव्याचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. इतक्या हुबेहूब की मी नकळत तिच्या पायांकडे पाहिलं.

"आणि चेहरा?" तिने विचारलं.

"येत नाही," शौकत म्हणाला. "खूप केलं. येत नाही, इंसाफ. मी पाहिलेलाच नाही."

मला वाटलं, संपलं. असं कुणी बायकोला सांगतं का? निदान खोटं तरी बोलावं. इंसाफ पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली, अगदी त्याच्या समोर.

"मग बघ," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं बघताना पाहिलं. त्याचे डोळे करडे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तो कपाळापासून सुरू झाला, चौकोन भरत जावा तसा हळूहळू खाली आला, आणि डाव्या भुवईपाशी थांबला.

"हा व्रण कसला?"

"बहीजच्या वेळेला पडले होते. माठावर."

"मी कुठे होतो?"

"घरातच."

तिने नजर वळवली नाही, त्यानेही नाही. मला उठून जावंसं वाटत होतं आणि जाववत नव्हतं. मग इंसाफने त्याचा पेला बोटाने पुढे सरकवला.

"पी," ती म्हणाली. "थंड होईल."

त्याने तिच्याकडे बघतच पेला उचलला आणि अर्धी कॉफी शर्टावर सांडली.